हाक मारा आणि आपलं नाव सांगा

आम्ही पनवेल तालुक्यातल्या नेरे भागातल्या बचत गटाच्या बाया बोलतोय. उशाशी माथेरानचा डोंगर आणि पायाशी गाढी नदी, असं आमचं गाव. एरवी आम्ही या माइकपुढे येतो ते बचतीचं नाहीतर परसबागेचं सांगायला. आज सांगायचं आहे ते एका माणसाच्या शोधाचं. ज्यांची ही गोष्ट आहे त्यांना विचारूनच सांगतोय. ते म्हणाले, "माझं नाव घेऊ नका, बाकी सगळं सांगा. माझं चुकलं ते सांगा, आणि तुमचं चुकलं तेही सांगा." गाव त्यांना भाऊ म्हणतं, म्हणून आम्हीही भाऊच म्हणू.

भाऊ म्हणजे आमच्या गटातल्या एका ताईचे थोरले दीर. वय पन्नाशीच्या आतलं. पूर्वी तळोज्याच्या एमआयडीसीत कामाला होते, सायकलवर पनवेल पालथं घालायचे. मग काचबिंदू झाला. काचबिंदू बहुतेक वेळा चोरपावलांनी येतो. डोळा दुखत नाही, लाल होत नाही. नजर कडेकडेने आत येत जाते आणि माणसाला वाटतं, वय झालं. भाऊंचंही तसंच झालं. दवाखान्यात गेले तेव्हा एक डोळा गेलेला होता आणि दुसरा जायला आला होता. काचबिंदूत गेलेली नजर औषधाने किंवा ऑपरेशनने परत येत नाही, फक्त उरलेली टिकवता येते. म्हणून चाळिशी उलटलेल्या प्रत्येकीने आणि तिच्या घरच्यांनी डोळ्यांतला दाब तपासून घ्यावा, हे आधीच सांगून ठेवतो.

भाऊंच्या डोळ्यांकडे बघून कुणाला कळत नाही की यांना दिसत नाही. डोळे उघडे असतात, चेहरा समोर असतो. हे लक्षात ठेवा, पुढे याचं काम पडणार आहे.

भाऊंकडे पांढरी काठी होती. डोळ्यांच्या शिबिरात मिळालेली, घडी होणारी. काठी घेऊन ते गावात सगळीकडे जायचे, देवळात, दुकानात, नदीवर सुद्धा. पण दोन वर्षांपूर्वी ज्येष्ठात घरात पुतणीच्या लग्नाची बोलणी सुरू झाली. पाहुणे येणार, चार माणसं बघणार. घरच्यांना वाटलं, काठी दिसली की लोक विचारणार, हा आजार घराण्यातला आहे का. काठी माळ्यावर गेली. भाऊंना सांगितलं, "थोडे दिवस एकटे बाहेर जाऊ नका. कुठे जायचं असेल तर पोराला घेऊन जा." आम्ही गटातल्या बायांनी हे बघितलं होतं. आमच्यातल्या दोघी तर म्हणाल्या होत्या, बरं केलं, पडले-बिडले तर कोण बघणार. आमची पहिली चूक हीच.

आषाढातला सोमवार होता. संजय गांधी निराधार योजनेचे पैसे काढायला भाऊ पंधरा वर्षांच्या पुतण्याला घेऊन पनवेलला गेले. बँकेत कुणी त्यांच्याशी बोललंच नाही. जे विचारायचं ते पोराला विचारलं, "यांना सही येते का? हे बसतील का तिकडे?" भाऊ तिथे उभे, आणि विचारणा मात्र दुसऱ्याकडे. मग आधार कार्डाची झेरॉक्स हवी म्हणून सांगितलं. पोरगा म्हणाला, "काका, इथेच थांबा, आलोच." दुकानात गर्दी होती, वीज गेली, अर्धा तास लागला. तेवढ्यात पाऊस कोसळला. पोरगा परत आला तर काका जागेवर नाहीत.

पोरगा घाबरला. तासभर एकटाच शोधत राहिला. मग घरी आला, तेव्हा तीन वाजले होते. घरच्यांनी त्याला आधी मारलं आणि मग ते शोधायला निघाले. आठ-दहा माणसं, छत्र्या, बॅटऱ्या. बँकेजवळ बघितलं, मार्केटात बघितलं, एसटी स्टँडवर बघितलं. येताना नदीचा काठ बघितला, विहीर बघितली. एक जण देवाला कौल लावून आला. पोलिसांत जाईपर्यंत रात्रीचे नऊ वाजले. का? तर कुणीतरी सांगितलं होतं की चोवीस तास झाल्याशिवाय पोलीस घेत नाहीत.

मैत्रिणींनो, असा कुठलाही नियम नाही. माणूस हरवल्याचं कळलं की त्याच तासाला जायचं. आमचे तास त्या एका ऐकीव गोष्टीने खाल्ले.

पोलीस ठाण्यात काय होतं ते नीट सांगतो. अठरा वर्षांखालचं मूल हरवलं, तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या आदेशाप्रमाणे अपहरणाचा गुन्हाच नोंदवतात. मोठं माणूस हरवलं तर आधी बेपत्ता असल्याची नोंद होते, तिला सगळे 'मिसिंग' म्हणतात. त्या नोंदीला क्रमांक असतो. तो क्रमांक मागून घ्यायचा, नोंदीची प्रत घ्यायची आणि तपास कुणाकडे आहे त्या अंमलदाराचं नाव आणि फोन लिहून घ्यायचा. कुणी पळवलं असेल, मारहाण झाली असेल असा संशय असेल, तर तो तिथेच स्पष्ट सांगायचा आणि लिहून घ्यायला लावायचं. घाई असेल तर 112 नंबरवर फोन करायचा.

आपल्या भागाची एक अडचण आहे. पनवेल शहर, खांदेश्वर, कामोठे, कळंबोली, खारघर ही ठाणी नवी मुंबई पोलिसांची. पलीकडे पेण आणि कर्जतला गेलात की रायगड पोलीस. आणि रेल्वे स्टेशनात पाय ठेवला की लोहमार्ग पोलीस, त्यांचं ठाणं वेगळं. हरवलेल्या माणसाला काही हद्द माहीत नसते. म्हणून एका ठिकाणी नोंद झाली की तिची प्रत आणि फोटो घेऊन दुसऱ्या दोन ठिकाणी आपणच जायचं. सगळ्या देशातली पोलीस ठाणी आता सीसीटीएनएस नावाच्या संगणकाच्या जाळ्याने जोडलेली आहेत, पण संगणकावर पडलेला फोटो आणि समोर रडत उभी असलेली बाई यात फरक पडतो, हे आम्ही बघितलं.

ठाण्यातल्या बाईंनी आम्हाला विचारलं, "वर्णन सांगा." ताईने सांगितलं, उंची, रंग, पांढरा सदरा. मग त्यांनी विचारलं, "काठी आहे का हातात? काळा चष्मा?" ताई गप्प. काठी माळ्यावर होती. बाई हळूच म्हणाल्या, "मग लोकांच्या लक्षात कसे राहतील? पांढऱ्या सदऱ्यातली हजार माणसं रोज पनवेलमधून जातात."

त्या वाक्याने आमच्या पोटात कालवलं. दिवसभर आम्ही रिक्षावाल्यांना, फळवाल्या बायांना विचारत होतो, "आंधळा माणूस बघितला का?" आणि सगळे खरंच सांगत होते, नाही. कारण त्यांनी आंधळा माणूस बघितलाच नव्हता. त्यांनी बघितला असेल तो चार पावलं चुकत चालणारा, कुणाला धक्का लागला म्हणून शिवी खाल्लेला, पावसात भिजलेला माणूस. दारू प्यायलाय, एवढंच त्यांना वाटलं असेल. जी काठी आम्ही लाजेने लपवली, तीच त्यांची ओळख होती. ती असती तर दहा माणसांनी त्यांना हात दिला असता, आणि दहा माणसांनी आम्हाला सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गटातल्या आम्ही सात जणी निघालो. दोघी रुग्णालयांकडे गेल्या, पनवेलचं उपजिल्हा रुग्णालय आणि कामोठ्याचं एमजीएम. तिथे अपघात विभागात विचारायचं, आणि बेवारस म्हणून कुणाला आणलंय का तेही विचारायचं. हे विचारताना तोंडाला कोरड पडते. पण विचारावं लागतं.

बाकी आम्ही पाच जणी बँकेच्या पायरीशी गेलो, जिथे भाऊ शेवटचे उभे होते. आमच्यातली एक म्हातारी मावशी म्हणाली, "डोळ्याने शोधून झालं. आता डोळे मिटून शोधू." आम्हाला हसू आलं, पण तिने खरोखर पदर डोळ्यांवर घेतला आणि उभी राहिली. मग आम्हीही राहिलो. पाऊस पडत होता. आणि तेव्हा पहिल्यांदा कळलं, की पाऊस पडायला लागला की काहीच कळत नाही. पत्र्यावरचा आवाज, गाड्यांचा आवाज, लोकांची धावपळ, सगळ्याचा एकच कालवा होतो. न दिसणारा माणूस कानाने रस्ता ओळखतो. इथे चहाची टपरी, तिथे पिठाची गिरणी, पुढे रिक्षांची रांग. मोठा पाऊस त्याचे कान बंद करतो. आपल्याला धुकं पडल्यावर जसं होतं, तसं त्याला पावसात होतं.

दुसरं असं, की भाऊंच्या डोक्यातलं पनवेल जुनं होतं. त्यांनी डोळ्यांनी बघितलं तेव्हाचं. त्यानंतर रस्ते रुंद झाले, पूल झाले, दुभाजक आले, नवी दुकानं आली. पाऊस चुकवायला ते भिंत धरून चालले असतील, तर ती भिंत आता जिथे जाते तिथे गेले असतील. आम्ही तशीच भिंत धरून चाललो. ती संपली तिथे वडाप रिक्षा उभ्या राहतात.

तिथल्या एका रिक्षावाल्या दादाला आम्ही आंधळ्याबद्दल विचारलंच नाही. विचारलं, "काल पावसात एक भिजलेला माणूस, हात पुढे धरून चालणारा?" तो म्हणाला, "हो हो, एक होता. कुणीतरी त्याला बसवून दिलं. म्हणाला, स्टेशनला सोड." भाऊ म्हणाले असतील स्टँड. पावसात ऐकणाऱ्याने ऐकलं स्टेशन. एका शब्दाने माणूस दुसरीकडे गेला.

पनवेल स्टेशन म्हणजे साधं स्टेशन नव्हे. तिथून हार्बरची लोकल मुंबईला जाते, दुसरी ठाण्याला, एक रस्ता दिव्याकडे, एक रोह्यामार्गे थेट कोकणात, एक कर्जतकडे. लोहमार्ग पोलिसांनी आमची नोंद बघितली आणि कॅमेऱ्याचं चित्रण तपासतो म्हणाले. इथे एक गोष्ट शिकलो. कॅमेऱ्याचं चित्रण कायम राहत नाही, ठरावीक दिवसांनी पुसलं जातं. दुकानदारांच्या कॅमेऱ्याचंही तसंच. म्हणून वेळ आणि जागा सांगून ते जपून ठेवायला पहिल्याच दिवशी सांगायचं. आणि रेल्वेच्या प्रवासात कुणी चुकलं तर 139 हा नंबर आहे, तो सगळ्या देशभर चालतो.

आम्ही प्लॅटफॉर्मवर फोटो दाखवत फिरत होतो. तेव्हा टुक-टुक असा आवाज आला. लोकलच्या स्टेशनांवर दिव्यांगांचा डबा जिथे येतो, तिथे असा आवाज देणारं यंत्र लावलेलं असतं. आवाजाच्या रोखाने गेलं की डब्याचं दार बरोबर समोर येतं. तिथे एक अंध दादा उभे होते, खांद्याला पिशवी, गळ्यात किचेन आणि मोबाइलची कव्हरं. आमच्यातल्या एकीने सवयीने त्यांच्यापुढे फोटो धरला आणि मग जीभ चावली. ते हसले. म्हणाले, "ताई, मला फोटो काय दाखवता, आवाज सांगा. माणूस बोलतो कसा? कुठल्या गावची भाषा? खोकतो का? पावलं ओढतो का?"

कालपासून आम्हाला हे कुणी विचारलं नव्हतं, आणि आम्हालाही सुचलं नव्हतं. आम्ही सांगितलं, आगरी बोली, जाड आवाज, बोलण्याआधी घसा खाकरायची सवय. त्यांनी फोन काढला. त्यांचा फोन बोलतो, त्यावर त्यांनी एकामागून एक सात-आठ जणांना निरोप दिले. ते म्हणाले, "हार्बर, ठाणे, कल्याण, कर्जत, सगळ्या लाइनीवर आमची माणसं आहेत. संध्याकाळपर्यंत कळेल."

इकडे व्हॉट्सअ‍ॅपवर काय चाललं होतं तेही सांगायला हवं. गावातल्या पोरांनी फोटो आणि ताईचा नंबर टाकला होता. दुपारी एक फोन आला, "तुमचा माणूस आमच्याकडे आहे, गाडीभाड्याचे पाच हजार पाठवा." ताई पाठवायला निघाली होती. आम्ही म्हटलं, आधी त्यांना बोलायला लाव. समोरच्याने फोन ठेवला. बायांनो, माणूस हरवलेल्या घराला लुटणारेही असतात. फोटोबरोबर पोलीस ठाण्याचा नंबर आणि मिसिंगचा क्रमांक टाका. आवाज ऐकल्याशिवाय पैसा पाठवू नका. आणि माणूस सापडला की तो निरोप मागे घ्या, नाहीतर वर्षभर तो फिरत राहतो.

चार वाजता त्या अंध दादांचा फोन आला. रेंज तुटत होती. "वांगणीला आहे तुमचा माणूस," एवढंच ऐकू आलं. आम्ही आनंदाने ओरडलो, कारण वांगणी आमच्या नेऱ्याजवळच आहे. तिथे सील आश्रम आहे, रस्त्यावर पडलेल्या निराधार माणसांना ते उचलून आणतात, बरं करतात, घर शोधून पोचवतात. आम्हाला वाटलं, तिथेच असणार. रिक्षा करून गेलो. तिथल्या लोकांनी सगळं बघून सांगितलं, असं कुणी आलेलं नाही. ताई मटकन खाली बसली. तासाभराने फोन लागला तेव्हा उलगडा झाला. ही वांगणी नव्हे, ती वांगणी. कर्जत लाइनवरची, बदलापूरच्या पुढची, अंबरनाथ तालुक्यातली. निरोप घेताना गावाबरोबर तालुका आणि जवळचं स्टेशन विचारायचं, हा धडा आम्ही असा शिकलो.

त्या वांगणीत अंध माणसांची बरीच कुटुंबं राहतात, लोकलमध्ये वस्तू विकून पोट भरतात. तुमच्यातल्या पुष्कळजणींनी त्या स्टेशनचं नाव ऐकलेलं असेल. 17 एप्रिल 2021 रोजी तिथे एका अंध आईचं लेकरू प्लॅटफॉर्मवरून रुळांवर पडलं होतं आणि समोरून गाडी येत होती. पॉइंट्समन मयूर शेळके यांनी रुळांवरून धावत जाऊन ते लेकरू वर उचललं. बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी त्या लेकरालाच देऊ केली. तीच ही वांगणी.

रात्री आम्ही तिघी आणि ताईचा नवरा तिथे पोचलो. दहा बाय दहाची खोली. भाऊ चटईवर बसलेले, अंगात दुसऱ्याचा कोरडा सदरा. ताईच्या नवऱ्याने दारातूनच रागाने विचारलं, "दादा, एक फोन करता आला नाही?" भाऊ काही बोलले नाहीत. घरातली बाई, तिलाही दिसत नाही, ती म्हणाली, "आधी चहा घ्या. रागवायला रात्र आहे."

मग हळूहळू कळलं. भाऊंचा फोन पावसात भिजून बंद पडला होता. पण सोमवारी रात्रीच घरच्या माणसांनी त्यांना विचारलं होतं, फोन करू का. नंबर त्यांना पाठ होता. भाऊ म्हणाले होते, नको. मंगळवारी सकाळी त्या बाईने परत समजावलं होतं, "दादा, राग असेल तर राहा इथे चार दिवस. पण जिवंत आहात एवढं कळवा. तिकडे चूल पेटली नसेल." भाऊ 'बघू' म्हणाले होते. दुपारी आमचा निरोप फिरत फिरत तिथे पोचला, तेव्हा ते म्हणाले, "सांगा, इथे आहे म्हणून."

ताईच्या नवऱ्याने विचारलं, "का?"

भाऊ म्हणाले, "स्टेशनवर मी भिजून उभा होतो. एकाने आवाज दिला, त्यालाही दिसत नव्हतं. त्याने मला विचारलं, दादा, तुम्हाला कुठे जायचंय? मला कुठे जायचंय हे महिन्याभरात कुणी विचारलं नव्हतं. मला उत्तरच येईना."

आम्ही सगळे खाली बघत बसलो. भाऊ हरवले होते हे खरं. पण घरातल्या घरात ते आधीच हरवले होते आणि तेव्हा आम्ही कुणी शोधायला निघालो नव्हतो.

भाऊंचंही चुकलं, ते स्वतःच म्हणतात. रात्रभर म्हातारी आई उंबऱ्यावर बसून होती. त्या पोराने दोन दिवस अन्न घेतलं नाही. राग आला तरी 'सुखरूप आहे' एवढा निरोप माणसाने द्यावाच.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. माणूस सापडला की तिथे कळवावं लागतं, नाहीतर नोंद उघडीच राहते. तिथे भाऊंचा जबाब घेतला. अंमलदारांनी त्यांनाच विचारलं, "कुणाचा त्रास आहे का? घरी जायचं आहे का?" ताईचा नवरा मध्येच बोलायला लागला तर त्याला थांबवलं. प्रौढ माणसाने कुठे राहायचं हे त्याचं त्याने ठरवायचं असतं, दिसत असो वा नसो. भाऊ म्हणाले, "घरी जायचं आहे. पण काठी घेऊन."

काठी माळ्यावरून खाली आली. पुतणीचंही लग्न ठरलं. पाहुण्यांना भाऊंनीच सांगितलं, "मला काचबिंदू आहे. हा आजार घराण्यात असू शकतो, म्हणून आमच्या घरातले सगळे डोळे तपासून आले आहेत. तुम्हीही तपासा." आणि घरातले सगळे खरंच तपासून आले होते.

तर मैत्रिणींनो, आमच्या गटाने यानंतर काय काय केलं, ते सांगतो. तुमच्या गावातही कुणी न दिसणारं असेल, तर आजच करण्यासारखं आहे.

पहिलं, दोन फोन नंबर त्यांच्या तोंडपाठ करून घ्या. एक घरचा, एक शेजारचा. शिवाय नाव, गाव, तालुका आणि नंबर लिहिलेली चिठ्ठी प्लॅस्टिकमध्ये घालून सदऱ्याच्या किंवा पोलक्याच्या आतल्या खिशात शिवून टाका. दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड काढा. आधार कार्डावरचा मोबाइल नंबर बदलला असेल तर तो दुरुस्त करून घ्या. घर सांगता न येणाऱ्या माणसांची घरं बोटांच्या ठशांवरून आधारमधून सापडल्याच्या बातम्या तुम्ही ऐकल्या असतील.

दुसरं, त्यांच्या आवाजाची नोंद ठेवा. आम्ही भाऊंचं दोन मिनिटांचं बोलणं फोनमध्ये भरून ठेवलं आहे. उंची, जखमेची खूण, दात, चालण्याची ढब हेही लिहून ठेवलं आहे. घाबरलेल्या घराला ऐनवेळी काही आठवत नाही.

तिसरं, काठी. काठी ही लाजेची गोष्ट नाही. पांढरी काठी जगभर एकच सांगते, या माणसाला वाट द्या. 15 ऑक्टोबर हा तिचा दिवस पाळतात. काठीने चालायचंही शिक्षण असतं. 'नॅब' ही अंधांसाठीची संस्था 1952 पासून काम करते, अशा संस्थांकडे त्याची चौकशी करा. आमच्या मुलांनी भाऊंना पनवेल नव्याने शिकवलं. तीन रविवार स्टँड ते बँक ते मार्केट असं चाललो. आता भिंत कुठे संपते ते भाऊ आम्हाला सांगतात.

चौथं, त्यांच्याऐवजी बोलू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा आहे. स्वतःचे पैसे स्वतः सांभाळायचा हक्क त्यात दिलेला आहे. अंध खातेदाराला बँकेने सगळ्या सोयी द्याव्यात, असं रिझर्व्ह बँकेने 2008 सालीच सांगितलं आहे. कुणी आपल्याकडे बघून विचारलं, "यांना काय हवंय?" तर आपण एकच म्हणायचं, "त्यांनाच विचारा."

पाचवं, ही खूणगाठ मनात पक्की बांधा. न दिसणाऱ्याला शोधताना गप्प शोधू नका. सोमवारी रात्री आमची माणसं बॅटऱ्या घेऊन मुकाट फिरत होती. बॅटरीचा उजेड त्यांच्या काय कामाचा? आपण दहा पावलांवरून निघून गेलो तरी त्यांना कळणार नाही. भिंतीवर चिकटवलेला त्यांचाच फोटो त्यांना दिसणार नाही. म्हणून हाक मारा, मोठ्याने मारा. त्यांचं नाव घ्या आणि आपलंही नाव सांगा, कारण आवाज ओळखायला वेळ लागतो आणि अनोळखी हाकेला माणूस घाबरतो. एसटी स्टँडवर, स्टेशनवर, देवळाच्या भोंग्यावर पुकारा करायला सांगा. गावोगावच्या आपल्या रेडिओवरूनही सांगता येतं. पुकाऱ्यात फक्त 'हरवले आहेत' म्हणू नका. सांगा, "भाऊ, जिथे आहात तिथेच थांबा, शेजारच्या माणसाला सांगा, आम्ही येतोय."

हरवलेलं माणूस मनाने आजारी असेल, तर आणखी एक ठिकाण लक्षात ठेवा. आपल्याच रायगड जिल्ह्यात कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा ही संस्था आहे. रस्त्यावर फिरणाऱ्या मनोरुग्णांना आणून, बरं करून, देशभरात कुठेही त्यांच्या घरी पोचवतात. या कामासाठी 2018 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. घरातल्या ज्येष्ठांसाठी 14567 आणि बायांसाठी 181 हे नंबर आहेत. भिंतीवर खडूने लिहून ठेवा.

सगळ्याच घरांना आमच्यासारखं नशीब मिळत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. रुग्णालयाच्या दारात आम्हाला दुसरं एक घर भेटलं होतं, ते अजूनही शोधतंय. त्या घरातली बाई आम्हाला कधी बाजारात दिसते. आम्ही तिला 'काही कळलं का' असं विचारत नाही. तिच्याबरोबर बसतो, चहा घेतो. तिने सांगितलं तर ऐकतो.

परवा भाऊ आमच्या गटाच्या बैठकीत आले होते. दाराबाहेर काठीचा आवाज आला आणि मावशी आतून ओरडली, "भाऊ, मी मावशी बोलतेय, उजवीकडे पायरी आहे." भाऊ म्हणाले, "मला ठाऊक आहे पायरी. तू मात्र अशीच नाव सांगत जा."